खालची गाठ आधी

उघड्या मैदानावर एखादा मोठा कार्यक्रम ठरला की त्याच्या आधीचे दोन दिवस तेथे जी माणसे राबत असतात, त्यांचे चेहरे प्रेक्षकांनी सहसा पाहिलेले नसतात. रंगमंच ठोकणारा सुतार असतो, विजेच्या तारा ओढणारा असतो, खुर्च्या मांडणारे असतात. आणि या सर्वांहून अलक्षित असा एक जण बांबूचे कुंपण बांधत असतो. त्याचे काम निर्दोष झाले तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही आणि सदोष झाले तर मात्र सगळ्यांना त्याचे नाव हवे असते. आमच्या मैदानावर हे काम अठ्ठेचाळीस वर्षे एकाच गृहस्थांनी केले. त्यांचे खरे नाव मांडववाल्याच्या हजेरीपटापलीकडे कोणाला ठाऊक नव्हते. लहानथोर सगळे त्यांना गाठकाका म्हणत.

शरीर काटकुळे, पाठ किंचित पुढे झुकलेली, डाव्या खांद्यावर काथ्याच्या दोरीचे वेटोळे, आणि हाताची बोटे टोकाशी इतकी निबर झालेली की गरम भांडे ते फडक्याशिवाय उचलत. जगाकडे ते गाठींच्या अंगाने पाहत. समोर बसलेल्या माणसाच्या बुटाची नाडी, टपालाने आलेल्या पुडक्याची सुतळी, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, काहीही दिसले की त्यांची नजर प्रथम गाठीवर जाई आणि बहुधा तेथेच नापसंतीने थबके. त्यांची पत्नी शेजारणींना सांगे, "यांना पिठाची पिशवी बांधायला देऊ नये. दुसऱ्या दिवशी घरात उपाशी बसायची पाळी येते. बरं, कात्री लावलेली खपत नाही."

कात्री त्यांना खरोखरच खपत नसे. दोरी कापणे हा त्यांच्या लेखी अज्ञानाचा कबुलीजबाब होता.

ही विद्या त्यांना मामांकडून मिळाली. वयाच्या पंधराव्या वर्षी ते मामांच्या हाताखाली आले. मामा मितभाषी होते, पण जे बोलत ते जन्मभर पुरावे असे. कुंपण कसे बांधायचे हे शिकवण्यापूर्वी त्यांनी भाच्याला आठ दिवस केवळ जुनी कुंपणे सोडायला लावली. "सोडायचं कसं ते आधी ठरव, मग बांध," असे ते म्हणत. त्यांच्या घराण्याची, म्हणजे खरे तर त्या दोघांचीच, एक रीत होती. जमिनीत रोवलेल्या उभ्या बांबूंना आडवे बांबू बांधताना सगळीकडे निरगाठ मारायची, परंतु दर सातव्या उभ्या बांबूवर सुरगाठ ठेवायची आणि तिचे मोकळे टोक आतल्या बाजूने दोरीच्या वेढ्याखाली दडवायचे. बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्या गाठी सारख्याच दिसत. बांधणाऱ्याला मात्र ठाऊक असे की एक हिसका दिला की तेवढा भाग दारासारखा उघडेल.

अठ्ठेचाळीस वर्षांत ते टोक ओढण्याचा प्रसंग गाठकाकांवर तीनदा आला. एकदा कनातीला आग लागली, एकदा एक बैल गर्दीत शिरला आणि एकदा गर्दीतल्याच एका बाईला वेणा सुरू झाल्या. तिन्ही वेळा लोकांना वाटले की कुंपण योगायोगानेच तेथे उघडले. गाठकाकांनी तो समज कधी दुरुस्त केला नाही.

चौथ्या खेपेस मात्र ते टोक त्यांनी ओढले नाही, दुसऱ्यांनीच ओढले. गेल्या वर्षी एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात काही टवाळांना ते टोक सापडले, आणि पास नसलेली दोन-अडीचशे माणसे निमंत्रितांच्या सोफ्यांवर जाऊन ऐटीत बसली. आयोजक संतापले. मांडववाल्याचे धाकटे मालक, वडिलांच्या पश्चात सगळा व्यवहार पाहणारे, पस्तिशीचे आणि स्वभावाने वाईट नसलेले गृहस्थ, यांनी गाठकाकांना गोदामात बोलावून घेतले.

"काका, यापुढे सुरगाठ बंद. सगळीकडे निरगाठ."

"आणि वेळ आली तर?"

"वेळ येऊ द्यायची नाही, ते आयोजकांचं काम. आपलं काम कुंपण उभं ठेवायचं. पुन्हा उघडलं, कारण काही का असेना, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. बाबा असते तर तेही हेच म्हणाले असते."

"ते असते तर आधी चहा पाजला असता," गाठकाका म्हणाले.

मालक हसले, चहाही मागवला; पण शब्द मागे घेतला नाही. गाठकाकांनी तो मान्य केला, कारण मालकाच्या बांबूवर मालकाचा अधिकार असतो हेही मामांनीच शिकवले होते.

काम गेले असते तर त्यांची उपासमार झाली नसती. मुलगी दूरच्या शहरात चांगल्या नोकरीवर होती आणि "बाबा, आता पुरे" असे तिने अनेकदा कळवले होते. पत्नीचेही म्हणणे तेच. परंतु मैदानावाचून आपण कोण हेच त्यांना कळत नसे. "घरी बसून काय करू? तुझ्या वेण्या घालू?" असे ते विचारत. त्यावर पत्नी म्हणे, "घाला ना. फक्त निरगाठ मारू नका."

यंदा मैदानावर एका विख्यात गायिकेचा कार्यक्रम ठरला. प्रवेश विनामूल्य होता, पण पासाने. मैदानात चार हजार माणसे मावत. समितीने चार हजार पास छापले. नंतर समितीच्या अकरा सदस्यांपैकी प्रत्येकाला आपापल्या लोकांसाठी थोडे अधिक हवेसे वाटले, आणि प्रत्येकाने ते दुसऱ्यांना न कळवता छापून घेतले. एकूण किती पास निघाले हे कार्यक्रमाच्या दिवशीही कोणी सांगू शकत नव्हते. मैदानाला फाटके दोन. त्यांपैकी एक गायिकेच्या मोटारीसाठी राखून बंद ठेवले होते. राहिलेल्या एकाच फाटकातून सगळ्यांनी आत यायचे आणि त्यातूनच बाहेर पडायचे. ध्वनिक्षेपक निमंत्रितांच्या कानांचा विचार करून सगळे पुढच्या बाजूस लावले होते. समितीचे चिटणीस अतिशय कष्टाळू गृहस्थ होते. सकाळपासून ते धावत होते. मात्र आपण कशासाठी धावतो आहोत हे थांबून पाहायला त्यांना सवड मिळाली नव्हती.

गाठकाकांनी आदल्या दिवशी सकाळी मैदान पायी फिरून पाहिले. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, निमंत्रितांची जागा वेगळी करणारे कुंपण मैदानाच्या दगडी भिंतीला जाऊन मिळणार होते आणि तेथे एक अरुंद कोपरा तयार होणार होता. ते कोपऱ्यात उभे राहिले, मागे वळून फाटकाकडे पाहिले आणि चिटणिसांची वाट पाहत तेथेच थांबले.

"इथं एक वाट ठेवा," ते म्हणाले. "हातभर रुंद असली तरी चालेल. एक माणूस उभा करा तिथं."

"काका, वाट ठेवली तर लोक येतील."

"लोक यावेत म्हणूनच कार्यक्रम आहे ना?"

"पुढं नाही हो. पुढं निमंत्रित. आणि हे बघा, आडवे बांबू आतल्या अंगानं बांधा. पाहुण्यांना दिसेल अशी झालर लावायची आहे."

आडवा बांबू गर्दीच्या बाजूने बांधला तर रेटा उभ्या बांबूवर जातो. आतून बांधला तर तो सगळा गाठीवर येतो. गाठकाकांनी हे समजावून सांगितले. चिटणिसांनी मान डोलावली आणि झालरीचा रंग कोणता असावा हे विचारण्यासाठी भ्रमणध्वनी कानाला लावला. कुंपण आतून बांधले गेले. सगळ्या गाठी निरगाठी होत्या. दर सातव्या बांबूपाशी गाठकाकांचा हात सवयीने अडखळे आणि पुढे जाई.

कार्यक्रमाच्या दिवशी फाटकावर रक्षकांनी त्यांचा चाकू काढून घेतला आणि त्याबद्दल एक चिठ्ठी दिली. गाठी उकलण्याची लाकडी खुंटी, वीतभर लांब, टोकाला निमुळती, हातात घेऊन रक्षकाने विचारले, "हे काय?"

"लाकूड."

"बरं, न्या."

पाचची वेळ छापली होती. दुपारी दोनपासून कुंपणाशी माणसे येऊन बसली होती, विशेषतः बायका, ज्यांना घरकाम आटोपून पुढची जागा धरायची होती. पाच वाजता मैदान भरले. साडेपाचला जितके भरावे त्याहून अधिक भरले. आणि सव्वासहाला, सूर्य भिंतीमागे उतरत असताना, गायिकेची मोटार बंद फाटकातून आत आली. निवेदकाने समितीच्या अकराही सदस्यांची नावे वाचून त्यांचे आभार मानले. मग गाणे सुरू झाले.

मेंढरांच्या प्रवाहाचा एक जुना न्याय शास्त्रकारांनी सांगितला आहे: एक ज्या बाजूला वळले, त्या बाजूला सगळी वळतात. गर्दीला हा न्याय लावणे मात्र अन्यायाचे होईल. मेंढराला निदान पुढचे मेंढरू दिसते. गर्दीतल्या माणसाला पुढच्याची मान सोडून काहीच दिसत नाही. मागे उभ्या असलेल्यांना त्या सायंकाळी स्वर ऐकू येत नव्हता, केवळ तालाचा ठोका येत होता. ज्याला ऐकायचे असते तो एक पाऊल पुढे टाकतो. हे एक पाऊल निरपराध असते. परंतु हजारो माणसांनी एकेक निरपराध पाऊल टाकले की त्याचा एकत्रित भार कुठे तरी उतरावाच लागतो, आणि तो उतरतो ते स्थान अगोदरच ठरलेले असते. तो कोपरा गाठकाकांनी आदल्या सकाळी पाहिला होता.

ते कुंपणाच्या आत, झालरीपाशी उभे होते. प्रथम त्यांना बांबूचा आवाज ऐकू आला, सुक्या लाकडाचा बारीक करकर असा. मग त्यांनी चेहरे पाहिले. कोपऱ्यातल्या बायका गाण्याकडे पाहत नव्हत्या. एक परिचारिका, रुग्णालयातून पाळी संपवून तशीच आलेली, आडव्या बांबूवर दोन्ही हात टेकून मागचा भार पाठीवर घेत होती.

"काका," ती म्हणाली, आवाज न चढवता, कारण चढवण्याइतका श्वासच नव्हता, "माझ्या मागची बाई उभी आहे, पण शुद्धीवर नाही. पडायला जागा नाही म्हणून उभी आहे."

गाठकाकांनी गाठीवर अंगठा ठेवला. ती दगडासारखी झाली होती. ताणलेली निरगाठ जगातल्या कोणत्याही बोटांनी सुटत नाही. तिला आधी ढील द्यावी लागते, आणि ढील द्यायची म्हणजे आडवा बांबू चार बोटे मागे, गर्दीच्या दिशेने रेटावा लागतो. ते वळले आणि निमंत्रितांच्या पहिल्या रांगेला म्हणाले, "चौघं जण या. बांबूला छाती लावा."

पहिल्या रांगेने त्यांना बाजूला सरकण्याची खूण केली; ते मधे उभे राहिल्याने रंगमंच दिसत नव्हता. तिसऱ्या रांगेतून एक स्थूल औषधविक्रेता उठला. त्याच्या मागोमाग एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी चष्मा काढून कमरेला खोचला. खुर्च्या मांडणाऱ्यांपैकी एक जण धावत आला. चौथा कोणी येईना, तेवढ्यात चिटणीसच आले.

"काका, काय करताय? सोडू नका. वरून आदेश आहे."

"सोडत नाही. आधी धरा इथं."

चिटणिसांनी धरले. आपण काय धरले आहे हे उमगेपर्यंत त्यांचा खांदा बांबूखाली गेला होता आणि तो काढून घेणे शक्य नव्हते.

यानंतर गाठकाकांनी जे केले ते पाहून त्या चौघांनाही क्षणभर ते भ्रमिष्ट झाले असे वाटले. ते खाली बसले. छातीच्या उंचीवरची वरची गाठ हाताशी असताना ते गुडघ्याच्या उंचीवरच्या खालच्या गाठीशी खुंटी घेऊन भिडले.

"अहो, वरची सोडा," औषधविक्रेता धापा टाकत म्हणाला. "माणसं वर गुदमरतायत, खाली नाही."

"वरची सुटली की लोक येतील. खालचा बांबू राहिला तर त्यावर अडखळून पडतील, आणि पडलेल्यांवर मागचे. खालची गाठ आधी."

"किती वेळ?"

"बोलत राहिलात तर जास्त."

मुख्याध्यापिकांनी औषधविक्रेत्याकडे वर्गात पाहावे तसे पाहिले आणि तो गप्प झाला. गाठकाका म्हणाले, "आता," की चौघे रेटत. बांबू चार बोटे मागे जाई, खुंटीचे टोक गाठीत शिरे, आणि पुन्हा भार येई. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी खालची गाठ उकलली. त्यांनी खालचा बांबू आत ओढून बाजूला सारला आणि उभे राहून वरच्या गाठीला हात घातला. ती दोन रेट्यांत सुटली. बांबू हातातून सोडण्यापूर्वी ते परिचारिकेला म्हणाले, "ताई, सरळ आत या, उजवीकडे वळा, थांबू नका. मागच्या बाईला आम्ही घेतो."

माणसे आत आली. त्यांनी धावपळ केली नाही. धावण्याचे बळ कोणात उरलेच नव्हते. बेशुद्ध बाईला सोफ्यावर निजवले, तेव्हा तेथे बसलेल्या गृहस्थांनी आपला पास दाखवला, मग तो दाखवल्याची लाज वाटून खिशात घातला. कोपरा हळूहळू रिता झाला. रंगमंचावर गायिकेने गाणे थांबवले होते. काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. निवेदकाने मात्र सर्वांना शांतता राखण्याची विनंती केली. त्या वेळी मैदानावर बोलत असलेला मनुष्य तो एकटाच होता.

बारा जणांना इजा झाली. एका बाईचे मनगट मोडले, शुद्ध हरपलेली बाई रात्रीपर्यंत घरी गेली. कोणी दगावले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कुंपण कोसळल्याचे छापून आले. तिसऱ्या दिवशी परवाना देणाऱ्या कार्यालयाचा अधिकारी जबाब घ्यायला गोदामात येणार होता. त्याच्या आधी अर्धा तास धाकट्या मालकांनी गाठकाकांपुढे एक टंकलिखित कागद ठेवला. चिटणीस आणि मालक यांनी मिळून तो तयार केला होता. आकस्मिक दाबामुळे कुंपणाची गाठ आपोआप सुटली, असे त्यात म्हटले होते.

"सही करा, काका. यात कोणाचाच दोष नाही. ना समितीचा, ना आपला, ना तुमचा. हात चालतात तोवर तुम्ही इथं आहात, हा माझा शब्द."

गाठकाकांनी कागद सावकाश वाचला. "आपोआप सुटायला ती काय बुटाची नाडी आहे?"

"अभिमान बाजूला ठेवा हो. एका ओळीचा प्रश्न आहे."

"अभिमान आहे, नाही कशाला म्हणू? पण तो बाजूला ठेवला तरी भागत नाही, मालक. गाठ सुटली असं लिहिलंत, तर पुढच्या वेळी परवानावाले काय सांगतील?"

मालकांनी पेनाचे टोपण काढून ते कागदावर ठेवले.

"दुप्पट गाठी मारा म्हणतील. त्याच कोपऱ्यात. आणि तेव्हा तिथं मी असेन, की आणखी कोणी, की कोणीच नसेल, कोणास ठाऊक."

"तुम्ही उघडलं असं सांगितलंत, तर मी बोललो होतो ते मला करावं लागेल. समिती आमचं नाव यादीतून काढेल नाही तर."

"ते बरोबर आहे. तुम्ही आधीच सांगितलं होतं. तुमच्याकडून फसवणूक नाही."

अधिकारी आला, त्याच्यासोबत चिटणीसही. गाठकाकांनी आपला जबाब तोंडी दिला: कोपरा बंद होता, वाट मागितली होती, मिळाली नाही, आडवे बांबू आतून होते, गाठ ताणाने सुटत नव्हती, ती आपण चार माणसांच्या मदतीने सोडवली. चौघे कोण, असे अधिकाऱ्याने विचारले. त्यांनी तिघांची ओळख सांगितली आणि चौथे चिटणीस होते असे सांगितले. अधिकाऱ्याने मान वर करून चिटणिसांकडे पाहिले. चिटणीस खिडकीबाहेर पाहत होते. पण काही क्षणांनी, कोणी पुन्हा न विचारता, त्यांनी "होय, मी धरलं होतं," असे म्हटले. ते वाक्य जबाबात गेले. त्या जबाबाचे पुढे काय झाले हे गोदामात कोणाला कळले नाही. अशा कागदांचा प्रवास दीर्घ असतो.

मालकांनी गेल्या वर्षी दिलेला शब्द पाळला. उद्यापासून येऊ नका, असे ते म्हणाले, आणि हे म्हणताना खाली पाहत राहिले.

"मैदानावरचं कुंपण अजून उभं आहे," गाठकाका म्हणाले. "ते सोडून देतो."

"राहू द्या. मुलं जाऊन दोऱ्या कापून आणतील. तासाभराचं काम."

"बांधलंय मी. कापायचं असेल तर मी गेल्यावर कापा, पण तेव्हा तिथं कापायला काही नसेल."

अर्थात त्यांना अडवणे कोणाला शक्य नव्हते. त्यांनी दीड दिवस लावून सगळे कुंपण सोडले. निरगाठी होत्या, प्रत्येकीला वेळ लागला. मैदानात कागद, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, तुटलेल्या चपला पडल्या होत्या आणि झाडूवाले त्यांच्या भोवतीने काम करत होते. प्रत्येक दोरी त्यांनी सरळ केली, पीळ पाहिला, वेटोळे घातले आणि बांबू जाडीप्रमाणे लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीवाल्याने सगळे सामान गोदामात पोचवले. कोठी सांभाळणाऱ्याने वेटोळी उलटसुलट करून पाहिली. एकही दोरी तोकडी झाली नव्हती. त्याने तसे बोलून दाखवले, तेव्हा गाठकाकांनी फक्त मान हलवली आणि ते पायी घरी आले.

भर दुपारी ते दारात उभे असलेले पाहून पत्नीने हातातले काम थांबवले.

"मालक काय म्हणाले?"

"आता यायला नको म्हणाले."

मग तिने पाट मांडला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि म्हणाली,

"मग आज सावकाश जेवा."